विचार अडतो कोठे?



पैठण रस्त्यावरील चितेगावात, कारखान्यांतून पाळी संपवून घरी परतणाऱ्या आपल्या तरुणांपैकी अनेक जण मराठी शाळांत शिकले आहेत. घरात ते दखनी बोलतात, कुरआनची तिलावत अरबीत करतात. परंतु सलग वाचन होते ते मराठीत. नव्या इस्लामी चिंतनाचा ग्रंथ त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. असे का व्हावे?

दोष सर्वस्वी या भूमीचा नाही. मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादेत अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे कार्य चालविले आणि 1921 पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक काढले. 1938 मध्ये अंजुमन दिल्लीस गेली. पुढच्या पिढ्यांची लिपी बदलली, आणि त्या ज्ञानाला मराठीची वाट मात्र कोणी पुरेशी करून दिली नाही.

भाषेचा हा अडसर किती मोठा असतो, हे अल्लामा इक्बाल यांच्या उदाहरणावरून पाहा. इस्लामी धर्मविचाराच्या पुनर्रचनेवरील त्यांची व्याख्याने इंग्रजीत 1930 मध्ये ग्रंथरूपाने आली. ज्यांच्यासाठी त्यांनी उर्दूत कविता रचल्या, त्या वाचकांना नजीर नियाजी यांचा उर्दू अनुवाद मिळाला 1958 मध्ये. तोवर इक्बाल यांच्या निधनाला वीस वर्षे झाली होती! मुंबईचे असगर अली इंजिनिअर यांचेही बहुतेक लेखन इंग्रजीतच राहिले.

दुसरा अडसर आपल्या मनातला. धर्म आणि धर्माची माणसांनी केलेली समज, या दोहोंतील भेद आपण विसरतो. पाकिस्तानात डॉ. फजलुर रहमान यांच्या ‘इस्लाम’ या ग्रंथावरून इतके काहूर उठले की 1968 मध्ये त्यांना पद सोडावे लागले. पुढे ते शिकागोत अध्यापक झाले. त्यांचे प्रत्येक मत ग्राह्य आहे असे मी म्हणत नाही. काही मते मलाही पटत नाहीत. परंतु उत्तर ग्रंथाने द्यावयाचे असते. खलीफा मन्सूर यांनी ‘मुवत्ता’ सर्व प्रांतांवर लागू करण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा स्वतः इमाम मालिक (रहि.) यांनीच नकार दिला, अशी रिवायत आहे. सूरह अज्-जुमरमध्ये (आयत 18) तर, जे म्हणणे ऐकून घेतात आणि त्यातील उत्तमाचे अनुसरण करतात, त्यांची प्रशंसा आहे. ऐकणे आधी, निवड नंतर.

आरंभ करावयाचा तर इक्बाल यांचे इज्तिहादवरील सहावे व्याख्यान घ्यावे. घरात ज्याला उर्दू किंवा इंग्रजी येते, त्याने दर जुम्याला दोन पाने मराठीत समजावून सांगावीत. जे पटणार नाही ते वहीत टिपून ठेवावे, आणि ती वही घेऊन आपल्या इमामसाहेबांकडे जावे.