गटागटांतून नवे कारभारी घडवू या



बेणं चांगलं तर ऊस चांगला, हे आम्ही शिवारफेरीत नेहमी सांगतो. त्यासाठी बेणेमळा वेगळा राखावा लागतो. माणसांचा बेणेमळा मात्र आपण करीतच नाही. निवडणूक आली की उमेदवार शोधत फिरतो. आज कारखान्याचे पुष्कळसे शेअर्स वडीलधाऱ्यांच्या नावावर आहेत, उद्या ते मुलांच्या, सुनांच्या नावावर होतील. त्यांना ताळेबंद वाचता आला नाही तर त्यांची मालकी कागदावरच राहील.

या बाबतीत प्रवरेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. गावाचा विश्वास त्यांच्यापाशी होता. अर्थव्यवहाराची जाण होती ती पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्यापाशी. गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले आणि पुढे अध्यक्षपद विठ्ठलरावांनी सांभाळले. दोघे जवळपास एकाच पिढीतले. तेव्हा इथे प्रश्न वयाचा नव्हता. जाणकाराने शेजारी बसून काम करावे आणि कारभार शेवटी शेतकऱ्याच्याच हाती यावा, हा धडा आम्ही त्यातून घेतो.

आपल्या गटात हे असे करता येईल :

१) तरुण निवडणे : प्रत्येक गटातून चार-पाच मुलंमुली घ्याव्यात. पुढाऱ्याचा मुलगा एवढीच पात्रता नको. पाण्याची पाळी, बचत गट, सोसायटी यांपैकी कशात तरी त्याने हात घातलेला असावा.

२) मार्गदर्शक नेमणे : बँकेतले निवृत्त अधिकारी, हिशेब तपासनीस, कृषी सेवा केंद्राचे किंवा वर्कशॉपचे चालक अशी व्यवहार जाणणारी माणसं बाजारपेठेच्या गावी आहेत. एकाकडे दोनच तरुण द्यावेत. मार्गदर्शकाने त्यांना आपला माल विकू नये आणि कोणत्या पॅनेलचा प्रचारही करू नये.

३) पहिला पाठ, घरचे ऊसबिल : २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे. पुढे दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. उतारा ११.२५ धरला तर टनाला ३,८९६ रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे थकीत रकमेवर सालीना १५ टक्के व्याज देय होते. हा हिशेब तरुणाने स्वतः मांडावा, मार्गदर्शकाने तपासावा.

४) दुसरा पाठ, चालू काम : एखाद्या उपसा योजनेचे वीजबिल, वसुली व थकबाकी यांचा तक्ता करणे, बैठक बोलावणे, इतिवृत्त लिहिणे. थकबाकीदाराच्या दारात मार्गदर्शकाने बरोबर जावे, पण बोलावे तरुणानेच. भांडण न करता वसुली कशी मागायची, हे व्याख्यानातून कळत नाही.

५) शेवटचा पाठ, वार्षिक सभा : अहवाल आधी वाचून नफा-तोटा पत्रकावर एक मुद्देसूद प्रश्न लेखी द्यावा. सभेत तो स्वतः उभे राहून वाचावा.

महिन्यातून दोन बैठका आणि पुरा एक हंगाम, एवढा वेळ यास पुरे. घरातली मोठी माणसं म्हणतील, “एवढं शिकवलं तर पोरं आम्हालाच प्रश्न विचारतील.” विचारू द्यावेत! प्रश्न विचारणारा सभासद असला की कारभार आपोआप नीट राहतो. मुकाट्याने सही करणाऱ्यांच्या गर्दीत चांगल्या संचालकालाही चूक वेळीच कळत नाही.

मुलींची नावे मागे ठेवू नका. कित्येक घरांत उसाचा हिशेब त्याच ठेवतात. गळीत सुरू होण्यापूर्वी आपल्या घरातील एक नाव आणि आपल्या ओळखीच्या एका व्यावसायिकाचे नाव गट ऑफिसात नोंदवावे. जोड्या लावून देण्याचे काम आमचे शेतकी खाते करील.