उदाहरणांतून नियम : सॉफ्टवेअरच्या आराखड्यांचे रूपांतर

सॉफ्टवेअरचा आधी आराखडा, म्हणजे मॉडेल, काढावयाचे आणि त्यापासून पुढील रचना संगणकाकरवी सिद्ध करावयाची, ही पद्धत आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या परिचयाची असेल. एका आराखड्याचे दुसऱ्यात रूपांतर कसे व्हावे हे सांगणारे नियम लिहिण्यास मात्र वेगळी भाषा शिकावी लागते. ज्याला काम उत्तम कळते, त्याला ती भाषा येतेच असे नाही. बुडापेस्टचे संशोधक दानिएल वारो यांनी 2006 साली यावर मार्ग सुचविला : तज्ज्ञाने मूळ आराखडा व त्याचे अपेक्षित रूप यांच्या जोड्या द्याव्यात, कशाचे काय झाले ते जुळवून दाखवावे आणि नियम संगणकाने शोधावेत.

शाळेच्या नोंदींचे उदाहरण घेऊ. आराखड्यात ‘विद्यार्थी’ व ‘खोली’ असे दोन वर्ग आहेत. एका विद्यार्थ्याला एकच खोली. एका खोलीत अनेक विद्यार्थी. तज्ज्ञ दोन तक्ते करतो आणि विद्यार्थ्यांच्या तक्त्यात खोली क्रमांकाचा रकाना जोडतो. एवढेच पाहून संगणक शिकतो : प्रत्येक वर्गाचा तक्ता होतो, प्रत्येक संबंधाचा रकाना.

आता ‘विद्यार्थी’ व ‘विषय’ घेऊ. एक विद्यार्थी अनेक विषय शिकतो. एक विषय अनेकजण शिकतात. शिकलेला नियम येथे लावला, तर विद्यार्थ्याच्या नोंदीत एकाच विषयाला जागा उरते; दुसरा विषय कोठे नोंदवावा? योग्य रूपांतरात तिसरा तक्ता लागतो, ज्याच्या प्रत्येक ओळीत एक विद्यार्थी व एक विषय यांची जोडी असते. ही दुसरी जोडी दाखविल्यावरच संबंधांतील भेद संगणकाच्या ध्यानी येतो.

2009 साली झोल्तान बालोग व वारो यांनी या कामी विगमनी तर्काधिष्ठित पद्धती वापरली. तीत काय व्हावे याच्या उदाहरणांबरोबर काय होऊ नये याचीही उदाहरणे लागतात. सापडलेला नियम तज्ज्ञ तपासतो, उणीव दिसल्यास नवे उदाहरण देतो आणि शिकणे पुन्हा सुरू होते.

म्हणून येथे खरी जबाबदारी उदाहरणे निवडणाऱ्याची आहे. जे उदाहरणांत आले नाही, त्याला तयार होणाऱ्या व्यवस्थेत जागा मिळत नाही. आणि अशा व्यवस्थेवर पुढे कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचा प्रवेश अवलंबून असतो. आपल्यापैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी नेहमीच्या नोंदी गोळा करून थांबू नये. कार्यालयातील लिपिकाला आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना आवर्जून विचारावे : कोणाची नोंद अर्जात बसत नाही? ते उत्तर संगणकाला प्रथम दाखवावे.