हरिपूरचीं पेवें आणि म्हातारपणाची बेगमी

सांगलीजवळ कृष्णा व वारणा ह्यांच्या संगमावर हरिपूर गांव आहे. तेथें जमिनींत खोल पेवें खणून हळद सांठविण्याची रीत फार जुनी. पेवाचें तोंड बंद केलें म्हणजे आंत हवा खेळत नाहीं, कीड लागत नाहीं, आणि माल वर्षानुवर्षें टिकतो. भाव येईपर्यंत धीर धरण्याची ही युक्ति आपल्या लोकांस कोणी शिकवावी लागली नाहीं. पण साठीनंतरच्या दिवसांसाठीं काय सांठविलें, असें त्यांसच विचारलें तर बहुधा उत्तर येतें, "मुलें आहेत ना!"

मुलांनीं आईबापांस पोसावें हें खरेंच. परंतु आज मुलगा पुण्यास किंवा मुंबईस असतो. खानापूर-आटपाडीकडील तर सोनें गाळण्याच्या धंद्यासाठीं परमुलखांत. घरभाडें व लेकरांची फी देऊन जें उरेल तेंच तो गांवीं धाडणार.

सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे पाहा. पिढ्यानपिढ्या तेथील पुरुष पलटणींत गेले, म्हणून त्यास मिलिटरी अपशिंगे म्हणतात. निवृत्त शिपायास दरमहा पेन्शन येतें, कारण ती सोय त्याच्या नोकरीबरोबरच नेमून ठेविलेली असते. ऊस तोडणाऱ्यास, कोरडवाहू शेतकऱ्यास, नोंदणी नसलेल्या हमालास ती आपली आपणच करावी लागते.

ह्या कामीं 2015 सालीं सुरू झालेली अटल पेन्शन योजना समजून घेण्यासारखी आहे. वय 18 ते 40 असून जो आयकर भरीत नाहीं, त्यास बँकेंत किंवा पोस्टांत खातें असल्यास तींत नांव घालतां येतें. साठाव्या वर्षापासून दरमहा 5000 रुपये हवे असल्यास 18 व्या वर्षीं आरंभ करणारा महिना 210 रुपये भरतो. 30 व्या वर्षीं आरंभ केल्यास 577, आणि 40 व्या वर्षीं 1454. आतां हिशेब मांडा. पहिल्याचे 42 वर्षांत 1,05,840 रुपये जातात, शेवटल्याचे 20 वर्षांत 3,48,960. पेन्शन मात्र दोघांस सारखेंच. पहिल्याचें उरलेलें काम व्याजानें केलें. सभासद वारल्यास तेंच पेन्शन त्याच्या पत्नीस मिळत राहतें, हें घरीं अवश्य सांगून ठेवावें.

तथापि एवढ्यावरच विसंबूं नये. आजच्या तरुणास 42 वर्षांनीं मिळणाऱ्या 5000 रुपयांत किती बाजार येईल, हें ज्यास चाळीस वर्षांपूर्वींचा ज्वारीचा भाव आठवतो त्यास सांगणें नको. शिवाय 2005 च्या महापुरांत हरिपूरचीं पुष्कळ पेवें पाण्यानें नासलीं! म्हणून कांहीं रक्कम पोस्टाच्या पब्लिक प्रॉव्हिडंट फंडांतही घालावी. त्याची मुदत 15 वर्षांची आहे. दामदुप्पट देतों म्हणणाऱ्यास दारांतूनच परत पाठवावें.

राहिली जमीन. हात थकतांच सातबारा मुलांच्या नांवें करून मोकळें होणें आम्हांस पसंत नाहीं. 2007 च्या कायद्याप्रमाणें, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून परत मागतां येते. पण ती अट बक्षीसपत्रांत स्पष्ट लिहून घ्यावी. मनांतली अट कागदावर दिसत नाहीं. त्याहून बरें म्हणजे, विहिरीजवळचा एखादा तुकडा आईच्या नांवें शेवटपर्यंत तसाच राहूं द्यावा.