पुनर्जन्म कोणाचा? धम्म आणि काळाचा प्रवाह

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहाराविहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन लागते. वाचन चौथ्या खंडावर आले की मंडळी थोडी अडखळतात. आत्मा नाही, हे सर्वांना ठाऊक आहे; पण त्याच ग्रंथात पुनर्जन्माचे प्रकरण येते आणि कॉलेजातली मुले लगेच विचारतात, आत्माच नाही तर पुन्हा जन्म घेतो कोण? प्रश्न रास्त आहे. आमच्या मते त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी काळ म्हणजे काय हे पाहिले पाहिजे, कारण गोंधळाचे मूळ तिथे आहे.

काळ हा एक लांब रस्ता आणि आत्मा हा त्यावरचा वाटसरू, असे चित्र आपल्या मनात लहानपणापासून ठसलेले असते. वाटसरू एका धर्मशाळेतून निघतो, दुसऱ्या धर्मशाळेत उतरतो. तथागतांनी या चित्रातला वाटसरूच नाकारला. साति नावाचा एक भिक्खू होता, कोळ्याचा मुलगा. तेच विज्ञान जन्मोजन्मी फिरत राहते, असा त्याचा समज झाला होता. मज्झिम निकायात त्याची हकिकत आहे. भगवंतांनी सर्व भिक्खूंसमक्ष त्याची खरडपट्टी काढली आणि सांगितले की, विज्ञान कारणांवाचून उत्पन्न होत नाही. लाकडावर पेटली ती लाकडाची आग, शेणावर पेटली ती शेणाची. सरपण सोडून वेगळी अशी आग कुठे साठवलेली नसते.

आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात हेच आणखी बारकाईने मांडले आहे. गाडीचे चाक कितीही मोठे असले तरी जमिनीला त्याचा एकच बिंदू टेकलेला असतो. तसे प्राण्याचे जीवन खऱ्या अर्थाने चित्ताच्या एका क्षणापुरतेच असते. जाता जाता सांगावेसे वाटते की, या ग्रंथासाठी ज्यांनी उमेदीची वर्षे वेचली आणि १९१० साली हार्वर्डपर्यंत जाऊन त्याच्या संपादनाचे काम केले, त्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबी यांनी १९४७ साली सेवाग्राम येथे देह ठेवला. पिपरीहून सेवाग्राम किती लांब? पण आपल्यातील किती विद्यार्थ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे?

आता क्षण जर असे सुटे आहेत, तर त्यांना जोडतो कोण? हाच प्रश्न ग्रीक राजा मिलिंदाने भदंत नागसेनांना विचारला होता. नागसेनांनी दिव्याचे उदाहरण दिले. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग दिवे दोन होते का? तेही नाही. आम्ही बँकेत काम करणारी माणसे, आम्हाला लेजरचे उदाहरण जवळचे वाटते. जुन्या लेजरात पान भरले की शेवटची बाकी पुढच्या पानावर नेत असत. पहिल्या पानावरचा कागद, शाई, काहीच पलीकडे जात नसे. तरी दुसऱ्या पानावरचा पहिला आकडा पहिल्या पानामुळेच तिथे आलेला असे.

मिलिंदाने काळाविषयी सरळच विचारले आहे आणि नागसेनांचे उत्तर विलक्षण आहे. काळ काहींच्या बाबतीत आहे, काहींच्या बाबतीत नाही, असे ते म्हणतात. जिथे संस्कार अजून फळ देत आहेत, पुढचा जन्म घडवीत आहेत, तिथे काळ आहे. जो परिनिर्वाण पावला त्याच्यासाठी काळ नाही. आणि भूत, भविष्य, वर्तमान या तिन्हींचे मूळ अविद्या आहे. म्हणजे रस्ता आधी आणि चालणे नंतर, असे नाही. तृष्णेने चालणे घडते तोवर रस्ता आहे.

इथपर्यंत सर्व ठीक. पण पुढे एक अवघड वळण आहे आणि ते टाळून चालणार नाही. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. चोर म्हणाला, मालकाने लावली ती कोय वेगळी, मी तोडले ते आंबे वेगळे. नागसेन म्हणतात, तरीही तो दोषी, कारण हे आंबे त्या कोयीपासूनच आले. या दृष्टांताने ते मागच्या जन्मीचे कर्म पुढच्या जन्मी भोवते असे ठरवतात. बाबासाहेबांना हे मान्य नव्हते. आपल्या पूर्वजांना शेकडो वर्षे काय सांगितले गेले? मागच्या जन्मी पाप केले म्हणून या जातीत आलात, आता मुकाट्याने सोसा. बाबासाहेबांनी ग्रंथात स्पष्ट लिहिले की, कर्माचा नियम या जन्मापुरता आहे. गरिबीचे खापर पूर्वकर्मावर फोडले की समाज आणि शासन जबाबदारीतून मोकळे होतात. पुनर्जन्म त्यांनी मानला, पण तो आत्म्याचा नव्हे. पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वे देह सुटल्यावर आपापल्या समूहात मिळतात आणि पुन्हा एकत्र आली की नवा जन्म होतो. तीच सर्व तत्त्वे जशीच्या तशी पुन्हा जुळतील हे संभवनीय नाही. आमच्या हिशेबाने बोलायचे तर, एकाचे कर्ज अनोळखी माणसाच्या खात्यावर नावे टाकायला कोणतीही बँक धजणार नाही.

श्रीलंका, म्यानमार, थायलंड येथील भिक्खूसंघ मात्र नागसेनांप्रमाणेच मानतो आणि परंपरेतही पूर्वजन्माच्या जातककथा आहेत. त्या कथांचा हिंदी अनुवाद करणारे भदंत आनंद कौसल्यायन वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समितीत बरीच वर्षे होते आणि बाबासाहेबांच्या ग्रंथाचा हिंदी अनुवादही त्यांनीच केला! विद्यार्थ्यांनी दोन्ही वाचावे. मतभेद आहे हे लपवण्यात अर्थ नाही.

हा मतभेद केवळ पुस्तकातला नाही. बावीस प्रतिज्ञांनुसार आपण श्राद्ध व पिंडदान सोडले. घरोघरी जलदान विधी व पुण्यानुमोदन होते. पाणी ओतताना ज्या गाथा म्हणतात त्या तिरोकुड्ड सुत्तातल्या आहेत आणि इथे दिलेले दान तिकडे गेलेल्यांना पोहोचते, असाच त्यांचा शब्दशः अर्थ आहे. गेल्या काही वर्षांत आम्ही अशा प्रसंगी गाथेचा अर्थ मराठीतून सांगू लागलो आहोत आणि गेलेल्या माणसाने काय चांगले केले ते घरच्यांपैकी कोणाला तरी बोलायला लावतो. तेवढ्यात एखादी म्हातारी विचारतेच, "पाणी त्याले पोचलं का, बाबू?" तिला आम्ही आंब्याची आणि लेजरची गोष्ट सांगत नाही. त्याने शिकवलेल्या भावंडांची, त्याने लावलेल्या लिंबाची नावे घेतो. ती मान डोलावते. तिला पटले की नाही, ते तिने अजून सांगितलेले नाही.