मराठी संकेतस्थळ : हत्यारे आणि कामाची रीत

(द्वितीय वर्ष, कला)

संकेतस्थळ तयार करणे हे विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे काम, असा आपल्या कला शाखेत एक समज आहे. मला तो मान्य नाही. संकेतस्थळावर शेवटी मजकूरच असतो, आणि मजकुराशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांना तो मांडण्याची हत्यारेही ठाऊक असावयास हवीत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरी संगणक नाही. जे शिकले ते महाविद्यालयाच्या संगणककक्षात आणि उरलेले मोबाइलवर. आपल्या वार्षिकांकातील एखादा लेख किंवा अहिराणी कविता जगापुढे ठेवावयाची झाल्यास कोणती हत्यारे लागतात आणि कामाचा क्रम कसा असावा, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ लोकांसाठी खुले झाले आणि १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिले. त्यामुळे पान तयार करण्यासाठी आज कोणाची परवानगी लागत नाही. मजकूर लिहिण्यासाठी एक संपादक आणि पाहण्यासाठी एक ब्राउझर, एवढ्यावर काम सुरू होते. साधे नोटपॅडही चालते. २०१५ साली आलेला 'व्हीएस कोड' अधिक सोयीचा आहे आणि तोही विनामूल्य मिळतो.

पहिली पायरी मजकुराची. पूर्वीच्या अनेक मराठी टंकांत अक्षरांच्या आकृती इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसविलेल्या असत. तो टंक ज्या यंत्रावर नाही, तेथे आपल्या कवितेऐवजी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. १९९१ साली आलेल्या युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या. तेव्हा मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा, जुना असल्यास परिवर्तकातून काढून ओळीओळीने तपासावा, आणि फाइल 'यूटीएफ-८' या पद्धतीने साठवावी. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर वाटते. पण यंत्रासाठी ती क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट होतात.

मराठीच्या विद्यार्थ्याला येथे व्याकरणाचे ज्ञान थेट उपयोगी पडते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा भेद आपण शाळेतच शिकतो. परंतु 'दऱ्या' हा शब्द दोन रीतींनी टंकित होतो. एका रीतीत नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलन्त वापरतात. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते निराळे शब्द वाटतात. एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले सापडेलच असे नाही. म्हणून सर्वांनी मिळून एकच रीत ठरवावी.

दुसरी पायरी रचनेची. एचटीएमएल या खुणांच्या भाषेने शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, कवितेचे कडवे कोणते, हे सांगावयाचे असते. पानाच्या आरंभीच 'लँग' या खुणेपुढे 'एमआर' लिहून भाषा मराठी असल्याचे सांगावे. त्यामुळे पान वाचून दाखविणाऱ्या यंत्राला मराठी उच्चार निवडता येतात, आणि ज्या टंकात तशी सोय आहे त्यात 'ल' व 'श' यांची मराठी वळणे उमटतात.

तिसरी पायरी रूपाची. ती सीएसएसने साधते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' किंवा गूगलचा 'नोटो सान्स देवनागरी' हे टंक विनामूल्य आहेत. ओळींत अंतर थोडे जास्त ठेवावे, नाही तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. अक्षरांत अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. इंग्रजी पानांचे नमुने जसेच्या तसे उचलले की नेमके हेच दोष येतात. हालचाल घडविणारी जावास्क्रिप्ट सर्वांत शेवटी, आणि खरोखर गरज असेल तरच घ्यावी.

चौथे हत्यार नोंदवहीचे. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले 'गिट' प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि का केला हे नोंदवून ठेवते. त्यातील 'ब्रँच' भुसावळकरांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. मेन लाइन मोकळी ठेवून एखादी गाडी लूप लाइनवर घेतात, तसे नवे काम मूळ पानाला धक्का न लावता बाजूला करता येते. तपासून झाले की ते मूळ कामात मिळवावयाचे. चौघांनी एकाच फाइलवर काम केले तरी कोणाची मेहनत वाया जात नाही.

पाचवी पायरी तपासणीची. माझे वडील रेल्वेत कीमन आहेत. हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन आपल्या हद्दीतला रूळ ते रोज पायी तपासतात. काल ठीक होता म्हणून आज बघितला नाही, असे तेथे चालत नाही. संकेतस्थळाचेही तसेच आहे. ब्राउझरमध्ये 'एफ १२' ही कळ दाबली की पानाची आतली रचना दिसते. तेथेच लहान पडद्यावर आणि मंद जोडणीवर पान कसे उघडेल हेही पाहता येते. तरीही एकदा स्वस्तातल्या मोबाइलवर ते प्रत्यक्ष उघडून पाहावे. सावदा-रावेरकडच्या वाचकाच्या हातात बहुधा तोच असणार. प्रकाशनानंतरही ठरावीक दिवसांनी तुटलेले दुवे तपासत राहावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या विद्यापीठाला २०१८ साली जिचे नाव मिळाले, त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेवांनी वेळीच कागदावर उतरविली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. कागद ही त्या काळातली सोय होती. आज वाचक प्रथम मोबाइलवर शोधतो. केवळ छायाचित्र म्हणून चढविलेल्या पानातला मजकूर त्याला शोधून सापडण्यासाठी आधी यंत्राला तो ओळखावा लागतो, आणि जोडाक्षरांपाशी यंत्र हमखास अडखळते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा मान्य केला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण खानदेशातल्या मुलामुलींनी लिहिलेले जर शोधून सापडत नसेल, तर त्या वैभवात आपली भर दिसणार कशी?

म्हणून संपादक मंडळास माझी नम्र सूचना आहे. पुढील वर्षापासून प्रत्येक लेख युनिकोडमध्येच स्वीकारावा, ऱ-सारख्या अक्षरांची एकच रीत ठरवावी, आणि अंक छापून होताच त्याची पाने संकेतस्थळावर ठेवावीत. हे काम करावयास कला शाखेतील पाच-सहा विद्यार्थी पुरेसे आहेत. त्यांत माझे नाव पहिले धरावे.