संगणकीय अभिलेखातील बिघडलेला खंड : शोध, दुरुस्ती आणि पडताळा

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला अकोट तालुका काळ्या कसदार जमिनीसाठी व कापसासाठी वऱ्हाडात प्रसिद्ध आहे. येथील शेतकऱ्याचे पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची नुकसानभरपाई आणि वाटणीपत्र या सर्वांचा आधार गाव नमुना 7/12 हा उतारा होय. हा उतारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात हस्ताक्षरात असे. आता तो संगणकाच्या माहितीकोशात, म्हणजे डेटाबेसमध्ये असतो. कागद फाटला, भिजला अथवा त्याला वाळवी लागली तर ते डोळ्यांना दिसते. संगणकातील नोंद बिघडली तर मात्र ती कोणी मागेपर्यंत कळत नाही. महसूल कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे ते याच कारणास्तव.

डेटाबेसमधील माहिती चकतीवर सलग पसरलेली नसते. ती समान आकाराच्या लहान लहान खंडांत विभागलेली असते. या खंडास ‘ब्लॉक’ अथवा ‘पृष्ठ’ म्हणतात. प्रचलित असलेल्या अनेक डेटाबेसमध्ये त्याचा नेहमीचा आकार 8 किलोबाइट, म्हणजे 8,192 बाइट इतका असतो. एका खंडात अनेक नोंदी मावतात. खंडाच्या माथ्यावर त्याचा पत्ता, शेवटच्या बदलाचा क्रमांक आणि ‘चेकसम’ ही पडताळ्याची संख्या लिहिलेली असते. खंड लिहिताना त्यातील मजकुरावरून ही संख्या काढली जाते. वाचताना ती पुन्हा काढून ताडून पाहिली जाते. दोन्ही जुळल्या नाहीत, तर खंड बिघडला असे समजावे.

ही कल्पना महसूल खात्याला नवी नाही. एका सर्व्हे नंबरचे क्षेत्र आकारबंदात 4 हेक्टर 86 आर आहे आणि त्याचे तीन हिस्से प्रत्येकी 1 हेक्टर 62 आर आहेत, असे समजू. तिन्ही उताऱ्यांची बेरीज आकारबंदाशी जुळते. आता संगणकात भरताना एका हिश्शाचे क्षेत्र 1.62 ऐवजी 1.26 पडले, तर बेरीज 4.50 येते व 36 आरांची तूट उघड होते. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला 9 ने नेहमी नि:शेष भाग जातो, हा जमाखर्च लिहिणाऱ्यांचा जुना ठोकताळा येथेही लागू पडतो. शाळेत चेकसम शिकवायचा तर याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण. 36 आर म्हणजे एकराला थोडीच कमी जमीन, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ती लहान नव्हे.

परंतु या पडताळ्याला मर्यादा आहे. क्षेत्र बरोबर राहून दोन हिस्सेदारांची नावे एकमेकांच्या जागी पडली, तर बेरीज तंतोतंत जुळेल आणि नोंद मात्र चुकीची राहील. संगणकशास्त्रातही बिघाडाचे असेच दोन प्रकार मानले जातात. खंडाचे अंकच विस्कटले तर तो भौतिक बिघाड. खंड वरकरणी धड आहे, पण सूचीत ज्या नोंदीचा पत्ता आहे ती नोंद तेथे नाही किंवा एका तक्त्याचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही, तर तो तार्किक बिघाड. पहिला चेकसमने सापडतो. दुसऱ्यासाठी तक्ते एकमेकांशी ताडून पाहावे लागतात, आणि काही वेळा गावात जाऊन विचारावेच लागते. उताऱ्यांचे चावडीवाचन हा उपाय जुन्या वळणाचा वाटला, तरी या दुसऱ्या प्रकारावर त्याच्याइतका परिणामकारक उपाय क्वचितच असेल.

बिघाडाची कारणे बहुधा साधी असतात. चकतीचा एखादा भाग निकामी होतो. खंड अर्धा लिहून झाला असताना वीज जाते आणि वरचा भाग नवा, खालचा जुना असा खंड मागे राहतो. स्मृतिपटलातील दोषामुळे एखादा अंक उलटतो, किंवा प्रणालीतच चूक असते. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 मध्ये चूक शोधून ती आपोआप दुरुस्त करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली; तिच्या सुधारित रूपांवर आजची यंत्रे चालतात. तथापि यंत्राने सर्व चुका पकडल्या असे गृहीत धरता येत नाही. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या या भागात संगणककक्षातील तापमान व अखंड वीजपुरवठा यांकडे दुर्लक्ष करणे तर मुळीच परवडणारे नाही.

खंड बिघडल्याचा संदेश आला म्हणजे प्रथम घाई टाळावी. यंत्र पुन:पुन्हा बंद-चालू करणे किंवा हाती लागेल तो दुरुस्ती-आदेश देणे हे सर्वांत घातक. एका प्रसिद्ध डेटाबेसमधील दुरुस्ती-आदेशाच्या नावातच माहिती गमावण्यास मुभा असल्याचे नमूद आहे. तरीही तो आदेश पहिला उपाय म्हणून वापरला जातो, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. संदेशातील फाइलचा व खंडाचा क्रमांक टिपून घ्यावा आणि त्या खंडात काय होते ते शोधावे. तो केवळ सूचीचा खंड असेल तर चिंता नाही. मूळ तक्त्यावरून सूची पुन्हा तयार करता येते. तक्त्याचाच खंड असेल, तर आधी चकती तपासावी. दोषी चकतीवर खंड परत आणून ठेवणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे होय.

यानंतर खंड परत मिळविण्याचे काम. बिघाडापूर्वीच्या राखीव प्रतीतून तेवढाच खंड घेतला जातो आणि त्या प्रतीनंतर झालेले बदल नोंदवहीतून क्रमाने त्यावर चढविले जातात. काही डेटाबेसमध्ये हे काम उर्वरित कोश चालू ठेवूनच करता येते. येथेही महसुली दप्तराचे साम्य लक्षात येते. गाव नमुना 7 ही आजची स्थिती, तर गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही ही त्या स्थितीपर्यंतच्या बदलांची क्रमवार हकीकत. जुना उतारा व त्यानंतरचे सर्व फेरफार हाती असतील, तर आजचा उतारा पुन्हा उभा करता येतो. मधला एकच फेरफार गहाळ असेल, तर त्यापुढचे काम अडते.

राखीव प्रतीच नसेल तर? तेव्हा बिघडलेला खंड वगळून उरलेल्या नोंदी वाचून घ्याव्या लागतात. वगळलेल्या नोंदींची यादी करणे हे त्यातील मुख्य काम आहे. तक्ता पुन्हा उघडू लागला म्हणजे काम संपले, असे होत नाही. ज्या खातेदारांच्या नोंदी गेल्या, त्यांना ते कोणी सांगत नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठून अकोट तालुक्यात वसलेल्या कुटुंबांचा विचार करावा. जुन्या खातेदाराकडे आजोबांच्या काळातील एखादा हस्तलिखित उतारा सापडू शकतो. नव्या जागी आलेल्यांपाशी असा जुना कागद नसतो.

राखीव प्रतीविषयी एक गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. बिघडलेला खंड वाचला जात नाही तोपर्यंत गप्प असतो. दरम्यान प्रती निघत राहतात, जुन्या पुसल्या जातात, आणि बिघाड उघड होतो तेव्हा प्रत्येक प्रतीत तोच बिघडलेला खंड आढळतो. म्हणून संपूर्ण कोश ठराविक काळाने वाचून तपासावा, एखादी जुनी प्रत वेगळ्या ठिकाणी जपावी आणि प्रतीवरून कोश खरोखर उभा राहतो की नाही, हे दुसऱ्या यंत्रावर करून पाहावे. ग्रामपंचायतीची कर आकारणी किंवा शाळेची पटनोंदणी एकाच संगणकावर असेल, तर त्याच संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवलेली नक्कल ही राखीव प्रत नव्हे.

राज्यात 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. स्वाक्षरीनंतर एक अक्षर जरी बदलले तरी पडताळणीत ते उघड होते. मात्र स्वाक्षरीपूर्वीच चुकलेले क्षेत्र स्वाक्षरीने बरोबर होत नाही. उलट, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, त्यामुळे चुकीच्या नोंदीचा भार खातेदारावरच पडतो. अशी लेखनचूक कलम 155 खाली दुरुस्त करता येते. महसूल अधिकाऱ्याच्या तपासणीत आढळलेली चूकही संबंधितांना नोटीस देऊन व त्यांच्या हरकतींचा निर्णय करूनच दुरुस्त करावयाची असते. अशा प्रकरणात मूळ हस्तलिखित उतारा, संबंधित फेरफार आणि आकारबंद ही तीन कागदपत्रे समोर ठेवावी लागतात. अभिलेख कक्षातील जुन्या नोंदवह्या स्कॅन झाल्यानंतरही जपून ठेवण्याची गरज येथेच भासते.