पोटॅशियमचे औषध म्हणजे टॉनिक नव्हे

पायात गोळे आले, हातपाय गळून गेले, की शेजारच्या घरातली उरलेली पोटॅशियमची बाटली मागून आणली जाते. ही सवय जिवावर बेतू शकते, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

पोटॅशियम हा रक्तातला क्षार. त्यावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल चालते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये तो साधारण ३.५ ते ५ असावा. कमी झाला तरी ठोके बिघडतात आणि जास्त झाला तरी. फार वाढला तर हृदय बंद पडू शकते, आणि तो वाढल्याचे पुष्कळदा आधी जाणवतही नाही. अशक्तपणा तर रक्त कमी असल्यानेही येतो. म्हणून रक्त तपासल्याशिवाय हे औषध घेऊ नये.

मग ते कोणाला लागते? खूप जुलाब-उलट्या झाल्यावर किंवा फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळीने पोटॅशियम घटले तर डॉक्टर ते देतात. साध्या जुलाबात ओआरएस पुरते. त्याच्या एक लिटरच्या पाकिटात १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतेच.

जास्तीचे पोटॅशियम मूत्रपिंड बाहेर टाकते. म्हणून मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना धोका मोठा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन यांनीही पोटॅशियम वाढते. बीपीसाठी विकत मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठातही बहुधा पोटॅशियमच असते. यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

डॉक्टरांनी औषध दिले असेल तर एवढे पाळा:

१. पातळ औषध मापाच्या झाकणानेच मोजा, घरच्या चमच्याने नको.
२. ते पाण्यात मिसळून, जेवणानंतर, घोट घोट घ्या. नुसते घेतल्यास पोटात जळजळते.
३. गोळी बसून, पेलाभर पाण्याबरोबर अख्खी गिळा. चावू किंवा कुटू नका.
४. डोस चुकला तर पुढचा दुप्पट घेऊ नका.
५. सांगितलेल्या दिवशी रक्त पुन्हा तपासून घ्या.
६. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

छातीत धडधड, ठोके मंद होणे, अंगातले बळ एकाएकी जाणे, पोटात तीव्र दुखणे किंवा काळी शी होणे, यांपैकी काहीही दिसले तर औषध थांबवून लगेच दवाखाना गाठा. जाताना घरातली सगळी औषधे पिशवीत घालून न्या.

आणि उरलेली बाटली शेजाऱ्यांनी मागितली, तर ती देऊ नका. त्यांना रक्त तपासायला घेऊन जा. शेजारधर्म तोच.